आराखडा सादर करण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे आठवणी लिहावयाच्या, असा एक अलिखित नियम आहे. पत्र्याचे वसतिगृह, पहाटेची वंदना, भाकरीसाठी लागणारी रांग, हे सारे या अंकात इतरांनी लिहिलेच असेल आणि माझ्याहून चांगले लिहिले असेल. मला दिलेली पाने मी एका तक्रारीसाठी वापरणार आहे. तक्रार आपल्याच माणसांविषयी आहे आणि तिची सुरुवात माझ्यापासून होते.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली माझ्याकडे एका वेगळ्याच कामासाठी येऊ लागली आहेत. पूर्वी येत ती दाखल्यासाठी, पोलीस भरतीच्या अर्जावर सही घेण्यासाठी, फार तर डी.एड.ला कुठे नंबर लागेल हे विचारण्यासाठी. आता त्यांच्या हातात फाईल असते आणि फाईलमध्ये पीएच.डी.चा संशोधन आराखडा, म्हणजे ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात तो. ज्यांच्या पणजोबांनी येसकरपाळी केली, ज्यांच्या आजीने दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज ज्ञाननिर्मितीच्या दारात उभी आहेत, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळाली तर घरात पैसाही येतो. म्हणजे त्या दहा-बारा कागदांवर एका कुटुंबाची चार-पाच वर्षे अवलंबून असतात. आणि तरीही फाईल पुढे करताना बहुतेक जण एकच वाक्य म्हणतात : "जय भीम सर, जरा नजर टाका. परवा शेवटची तारीख आहे."

मी नजर टाकत असे. शुद्धलेखन दुरुस्त करावे, एखादे लांबलेले वाक्य तोडावे, पाठीवर हात ठेवावा आणि म्हणावे, "छान झालंय." हे 'छान' म्हणजे आपल्या समाजातील शिकलेल्या माणसांनी पुढच्या पिढीशी चालविलेली प्रतारणा आहे, असे माझे मत बनले आहे. शब्द जड आहे. तो मी विचारपूर्वक वापरतो आहे.

१९९७ साली मी स्वतः एका विद्यापीठात पीएच.डी.साठी आराखडा दिला होता. तो नामंजूर झाला. समितीतील एका सदस्यांनी माझे आडनाव दोनदा विचारले आणि "तुम्ही लोक दुसरा विषय का घेत नाही?" असे म्हटले. ते वाक्य मी विसरलेलो नाही. पुढे पंचवीस वर्षे, जिथे विषय निघेल तिथे, मला जातीमुळे नाकारले गेले असे मी सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी घराला रंग देताना ट्रंकेतून त्या आराखड्याची टंकलिखित प्रत निघाली. शीर्षक होते, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शैक्षणिक विचार व कार्य : एक चिकित्सक अभ्यास'. चौदा पाने मी उभ्या-उभ्या वाचून काढली. चिकित्सा त्यांत कुठेच नव्हती. उद्दिष्टे पाच होती आणि पाचही 'अभ्यास करणे' या शब्दांनी संपत होती. गृहीतक असे होते : डॉ. आंबेडकरांनी बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी मोलाचे कार्य केले. संदर्भसूचीत सव्वीस पुस्तके होती. त्यांतली निम्मी मी उघडलीही नव्हती.

त्या सदस्यांचा स्वर जातीयच होता, याविषयी मला आजही शंका नाही. आणि आराखडा नामंजूर करण्यासारखाच होता, याविषयीही नाही. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच टेबलावर खऱ्या होत्या, हे पचविण्यास मला पंचवीस वर्षे लागली. तो आराखडा सादर करण्यापूर्वी आपल्या चळवळीतील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी वाचला होता. ते काय म्हणाले होते, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

त्या गृहीतकाकडे जरा थांबून पाहू, कारण तेच गृहीतक वेगवेगळ्या वेशांत अजूनही माझ्यासमोर येते. शैक्षणिक विचारांच्या जागी जलनीती येते, कृषिविषयक विचार येतात, कामगारविषयक धोरण येते. विधान तेच राहते, की कार्य मोलाचे होते. होतेच ते. पण ज्या विधानाच्या विरुद्ध जाणारा एकही कागद सापडण्याची शक्यता आपण मुळातच मानलेली नाही, ते सिद्ध करण्यासाठी तीन वर्षे कशाला हवीत? असे विधान जयंतीच्या व्यासपीठावर शोभते. तिथे मीही ते मनापासून बोलतो. संशोधनात मात्र गृहीतक म्हणजे आपण स्वतःच लावलेली अशी पैज, जी आपण हरू शकतो. हरण्याची शक्यता नसेल तर ती पैज नव्हे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपल्या विद्यालयातील आठवीच्या मुलालाही ठाऊक असते : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. आपण ते भिंतीवर लिहून ठेवले आहे. आराखडा लिहिताना मात्र आपण भिंतीकडे पाठ करून बसतो.

बाबासाहेबांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्यांनी बाबासाहेबांचे विषय घेतले, त्यांची पद्धत घेतली नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ पाहावा. अस्पृश्यता वाईट आहे, हे सिद्ध करण्यात ते एक प्रकरणही घालवीत नाहीत. त्यांचा प्रश्न असा, की अस्पृश्यांची वस्ती गावाबाहेर का, आणि ती माणसे अस्पृश्य झाली केव्हा व कशामुळे? प्रथम ते इतर समाजांतील विटाळाच्या कल्पना तपासतात. मग स्टॅन्ली राइस यांनी मांडलेल्या दोन उपपत्ती घेतात, एक वंशाची आणि दुसरी व्यवसायाची, आणि त्या का टिकत नाहीत हे दाखवितात. त्यानंतर स्वतःची उपपत्ती येते : पराभूत टोळ्यांतून फुटून निघालेली माणसे, त्यांचा बौद्ध धम्म आणि गोमांस. पुढे काळही ठरवून दिला आहे, इसवी सन ४०० च्या सुमाराचा. काळ ठरवून देणे म्हणजे टीकाकाराच्या हाती शस्त्र देणे. कारण त्याआधीचा एक भक्कम पुरावा कुणी आणला तर उपपत्तीला तडा जातो. ते त्यांना ठाऊक होते. साखळीतील काही दुवे पुराव्याने जोडता येत नाहीत, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आणि मग अशा वेळी इतिहासकाराने काय करावे याची चर्चा केली. आपले विद्यार्थी 'संशोधनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली वेळ आणि पैसा कमी आहे असे दोन ओळींत लिहून मोकळे होतात. पुराव्यात भोक कुठे आहे ते लिहीत नाहीत.

व्याप्ती कशी आखावी, हे पाहायचे असेल तर १९२५ साली लंडनमध्ये छापला गेलेला त्यांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ पाहावा. इंग्रजी सत्तेने हिंदुस्थानचे केलेले आर्थिक शोषण हा विषय तेव्हा ओठाओठांवर होता आणि त्यावर टाळ्याही मिळत होत्या. त्यांनी घेतला तो मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटणीचा प्रश्न. १८३३ ते १९२१ इतक्याच काळाचा. त्यातही नेमून दिलेल्या रकमांचा टप्पा, नेमून दिलेल्या महसुलाचा टप्पा आणि वाटून घेतलेल्या महसुलाचा टप्पा, अशी कुंपणे घातली. कुंपण अरुंद असल्यामुळेच आत खोल खणता आले. आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध? १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केलेला तो प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत आणि पुन्हा सादर केला. १९२३ च्या अखेरीस तो ग्रंथरूपाने आला, तेव्हा त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत काही मुद्द्यांवर आपला मतभेद आहे हेही त्यांनी नोंदविले. शिष्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर मतभेद लिहिणारा शिक्षक! 'छान झालंय' म्हणणारे शंभर शिक्षक अशा एकावरून ओवाळून टाकावेत.

आता एक अलीकडची हकीकत. आपल्या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी आराखडा घेऊन आली. तिचे नाव लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. विषय होता, 'महाराष्ट्रातील महार वतनाचा ऐतिहासिक अभ्यास (प्रारंभ ते २०२०)'. माझ्या ओठांवर नेहमीचा शब्द आलाच होता. पण ट्रंकेतली चौदा पाने डोळ्यांसमोर आली. मी तिला विचारले, "समज, नोंदणी झाली. सोमवारी सकाळी दहा वाजता तू कुठे जाशील? कोणत्या कचेरीत, कोणता कागद मागशील?"

ती म्हणाली, "लायब्ररीत जाईन, सर."

"कोणतं पुस्तक?"

ती गप्प बसली. तेव्हापासून आराखडा वाचताना हा माझा पहिला प्रश्न झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत उमेदवाराच्या मुलाखतीसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या : त्याची त्या कामाची कुवत, ते काम त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात नवी भर पडेल का. सोमवार सकाळचे उत्तर देता आले तर पहिल्या दोहोंचे उत्तर बहुतेक त्यातच येते.

तिसऱ्यासाठी आम्ही तिचा 'पूर्वसंशोधनाचा आढावा' काढला. त्यात त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' होता, अलेक्झांडर रॉबर्टसन यांचा महार समाजावरील १९३८ चा ग्रंथ होता, एलिनॉर झेलियट यांचा १९६९ चा प्रबंध होता. प्रत्येकापुढे एकच वाक्य : यांनी महार समाजाचा सखोल अभ्यास केला आहे. फुकाझावा आणि कोटानी या जपानी अभ्यासकांनी दख्खनमधील वतनपद्धतीवर आयुष्याची वर्षे घातली, त्यांचा उल्लेखच नव्हता. मी तिला म्हटले, "यांपैकी प्रत्येक जण कुठपर्यंत जाऊन थांबला, ते मला सांग. ते थांबले तिथून तुझं शेत सुरू होतं." त्यासाठी तिने दीड महिना घेतला. शेवटची तारीख अर्थातच टळली. तिचे वडील माझ्यावर रागावले आणि तो राग रास्तही होता. मुलीचे एक सत्र गेले.

शीर्षकातील 'महाराष्ट्रातील' हा शब्दही तपासावा लागला. आज जो महाराष्ट्र आहे तो वतनांच्या काळात तीन सत्तांत वाटलेला होता. पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाकडे, विदर्भ मध्य प्रांतात. कायदे निराळे, दप्तरे निराळी. मुंबई इलाख्यात १८७४ चा वंशपरंपरागत कामांचा कायदा होता. त्यात दुरुस्ती करून महारांना वतनाच्या वेठीतून सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ चा, आणि तो अंमलात आला १ ऑगस्ट १९५९ पासून. वतने गेली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन नवीन शर्तीने त्या पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. आपल्यापैकी ज्यांच्या सातबाऱ्यावर 'इनाम वर्ग ६ ब' असा शेरा आहे किंवा होता, त्यांना मी हाडोळ्याविषयी बोलतो आहे हे सांगावे लागणार नाही.

इतके झाल्यावर विषय आपोआप आकसला : एक तालुका, आणि १ ऑगस्ट १९५९ च्या पुढचा काळ. मोडी तिला येत नाही. जुन्या दप्तरांत मोडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून जिथे तिला वाचता येईल तिथूनच तिने सुरुवात करावी, हेही ठरले. यात कमीपणा काही नाही. आराखड्यात 'मोडी कागदपत्रांचा वापर केला जाईल' असे लिहून पुढे कुणाकडून तरी वाचून घेण्यापेक्षा हे शंभरपट प्रामाणिक आहे.

मग मी तिला सांगितले, की आराखडा देण्याआधी दोन गावांचे फेरफार प्रत्यक्ष पाहून ये. पुष्कळांना हे उलटे वाटते. मंजुरी आधी, काम नंतर, असा समज आहे. पण पुरावा आहे की नाही, तो पाहू देतात की नाही, वाचता येतो की नाही, हे कळल्याशिवाय 'प्राथमिक साधने' या मथळ्याखाली लिहायचे तरी काय? ती गेली. 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या' हे वाक्य तिने अनेकदा ऐकले. एका गावाच्या नोंदवहीची काही पाने वाळवीने खाल्लेली होती. दुसऱ्या गावच्या नोंदी शाबूत होत्या. तिने अर्ज केला, नक्कल फी भरली आणि मोजक्या नोंदींच्या नकला घेऊन ती परतली.

तिची अपेक्षा अशी होती, की हाडोळ्याच्या जमिनी गावातील धनदांडग्यांनी गिळल्या. तसेही काही सापडले. पण आणखी एक गोष्ट सापडली, जी ती शोधायला गेली नव्हती. परत मिळालेल्या जमिनींवर भावांची नावे होती. वडील वारल्यावर वारस म्हणून मुलग्यांची नावे लागली होती. आणि बहिणींची नावे जवळजवळ कुठेच नव्हती. त्यांतली एक नोंद तिच्या स्वतःच्या आजोबांची होती. तिने ती नक्कल घरी वाचून दाखविली तेव्हा तिची आई, जी चौथीच्या पुढे शिकलेली नाही, चुलीपुढून म्हणाली, "मामंजींच्या बहिणीचं नाव कुठंय? त्या तर नवरा वारल्यापास्नं हितंच होत्या. हाडुळा त्यांनीच कसला."

माझ्या दृष्टीने त्या आराखड्यातील संशोधनाचा प्रश्न त्या क्षणी जन्माला आला, आणि तो विचारला एका चौथी शिकलेल्या बाईने.

आम्ही कायदा पाहिला. वतनाच्या वारशात विधवेखेरीज इतर स्त्रियांना वतनदार घराण्यातील सर्व पुरुषांच्या मागे ढकलणारी तरतूद १८८६ च्या मुंबईच्या एका दुरुस्ती कायद्याने केली होती. म्हणजे वतन होते तोवर मुलीचे नाव न लागण्यामागे सरकारचाच कायदा उभा होता. पण १९५९ नंतर वतनच उरले नाही. त्याआधी १९५६ चा हिंदू वारसा कायदा आलेला होता आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. मग पुढे काय झाले? वतन गेले, वारसा कायदा आला, धम्म आला. मुलीचे नाव सातबाऱ्यावर आले का? कोणत्या वर्षापासून आले? आणि आलेले नाव हक्कसोडपत्राने पुन्हा गेले का? तिने गृहीतक असे मांडले : बौद्ध झालेल्या कुटुंबांत मुलींची वारसनोंद गावातील इतर कुटुंबांपेक्षा लवकर व अधिक झाली. हे खरे निघावे असे मला मनापासून वाटते. पण माझ्या वाटण्याला फेरफाराच्या वहीत रकाना नाही. तिथे ते खोटे निघू शकते, आणि म्हणूनच ते गृहीतक आहे.

हा आराखडा तिने गावातील काही जाणत्यांना दाखविला. त्यांतले एक जुने कार्यकर्ते, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, मला भेटून म्हणाले, "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या समितीत बसणारे आपले कोण? त्यांच्यापुढं आपल्याच घरातलं कशाला उघडं करायचं? वतन कुणी लादलं ते लिहा की." त्यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नव्हता. आपल्या घरातले उणे दाखविले की ते टिपून घेऊन नाचविणारे लोक या देशात कमी नाहीत. तरीही मी त्यांना विचारले, की २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे जी कारणे होती त्यांत हिंदू कोड बिल होते की नाही? त्या बिलात मुलीचा वारसा होता की नाही? ज्यांच्या घरात त्यांची तसबीर आहे, त्यांनी आपल्या बहिणीचे नाव लावले का, हे विचारायचे नाही असे म्हणणे आपल्याला शोभेल का? ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या बहिणीनं हक्कसोड दिलंय. साडी नेसवली होती आम्ही तिला." आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. त्या मुलीने आपल्या वडिलांच्या पिढीला विचारलेला प्रश्न किती खोल जातो, हे मला त्या शांततेत कळले.

ज्या बायकांची नावे कागदावर आलीच नाहीत, त्यांचा पुरावा कागदात कसा सापडणार, अशी शंका समिती घेईल. तिचे उत्तर आपल्याकडे पूर्वीच दिले गेले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले, तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांविषयी कागद फारच थोडा होता. त्या गावोगाव गेल्या, म्हाताऱ्या बायांसमोर बसल्या आणि पुरावा उभा केला. मुलाखती घेणे म्हणजे मात्र वाटेल त्याला वाटेल ते विचारणे नव्हे. कुणाला, किती जणींना, कोणते प्रश्न, आणि त्यांचे सांगणे नोंदीशी जुळले नाही तर काय करायचे, हे आराखड्यातच लिहिलेले असले पाहिजे.

आता ज्या आक्षेपाला मी टाळू शकत नाही, त्याकडे वळतो. सगळे नीट करूनही आपल्या मुलाला नाकारले तर? नाकारतात. मी ते पाहिले आहे. आणि दार नेहमी समितीच्या खोलीतच बंद होते असेही नाही. २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनाला ती शिष्यवृत्ती मिळणार नाही असे ठरले. म्हणजे अनुसूचित जातीच्या मुलाने सरकारी पैशाने परदेशात जाऊन अभियांत्रिकी शिकावी. जातीचा इतिहास शिकू नये. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादवर्गात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या वारसांना हा नियम लागू होतो! अशा नियमाविरुद्ध रस्त्यावर आणि न्यायालयातच लढावे लागते. आराखडा कितीही चांगला असला तरी तो तिथे कामाचा नाही. पण कच्चा आराखडा पूर्वग्रह असलेल्या माणसाचे काम फार सोपे करतो. त्याला जातीचा उच्चारही करावा लागत नाही. तो म्हणतो, उद्दिष्टे अस्पष्ट आहेत. आणि ती अस्पष्ट असतात. १९९७ साली माझे तेच झाले. आपल्या मुलांनी दुप्पट कसून काम करावे लागणे हा अन्याय आहे, हे मी मान्य करतो. तो अन्याय संपेपर्यंत कसून काम करायचे नाही, हे मात्र मान्य करीत नाही.

तयार सिनॉप्सिस विकणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांविषयी लिहायचे ठरविले होते, पण त्यांच्यावर शाई खर्च करण्याची इच्छा नाही. विकत घेणारे कोण, हे आपण सगळे जाणतो. हल्ली तर दुकानातही जावे लागत नाही. मोबाइलवर विषय टाकला की दहा पाने तयार होतात. अशा आराखड्याला सोमवार सकाळचा प्रश्न विचारून पाहावा. त्याच्याकडे उत्तर नसते, कारण तो लिहिणाऱ्याने कुठल्याही कचेरीचा जिना चढलेला नसतो.

माझी सूचना साधी आहे. आपले माजी विद्यार्थी आज प्राध्यापक आहेत, वकील आहेत, तलाठी आणि नायब तहसीलदार आहेत, बँकेत आहेत. विद्यालयाच्या ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडे असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदना झाल्यानंतर, तिथे बसू. ज्याला आराखडा द्यायचा असेल त्याने शेवटच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी तीन प्रती आणाव्यात. एक प्रत त्या विषयाच्या जाणकारासाठी, एक अगदी वेगळ्या विषयातल्या माणसासाठी. कारण 'आपल्यातल्याच' शब्दांत आपण काय लपविले, हे त्यालाच दिसते. तिसरी माझ्यासाठी. वाचणाऱ्यांनी प्रथम काय पटले नाही ते सांगावे, तोंडी नको, लेखी. आई-वडिलांनाही बरोबर आणावे, आणि विद्यार्थ्याने आपला विषय त्यांना त्यांच्या भाषेत पाच वाक्यांत सांगावा. पालकांनी तिथे पाहुण्यासारखे बसू नये, प्रश्न विचारावेत. तलाठी आणि महसूल खात्यातल्या आपल्या मुलांना माझी वेगळी विनंती आहे : आपल्या कचेरीत कोणती जुनी दप्तरे आहेत, कोणत्या वर्षांची आहेत आणि ती पाहण्यासाठी अर्ज कुणाकडे करायचा, याची यादी करून ग्रंथालयात ठेवा. तेवढ्या एका यादीने कित्येकांचे सोमवार वाचतील.

त्या मुलीचा तिसरा आराखडा सध्या माझ्या टेबलावर आहे. शीर्षक आता चौदा शब्दांचे झाले आहे आणि त्यात 'चिकित्सक' हा शब्द नाही. गृहीतक दोन ओळींचे आहे. फेरफार कोणत्या गावांचे पाहणार, त्या गावांची निवड कशी केली, वाळवी लागलेल्या वर्षांचे काय करणार, हे सारे तिने लिहिले आहे. मुलाखती किती घेणार, ते अजून लिहिलेले नाही. आणि आपल्याच आजोबांच्या नोंदीविषयी लिहिताना आपण तटस्थ कशा राहणार, याविषयीही एक शब्द नाही. त्या दोन्ही जागी मी शिसपेन्सिलीने गोल केले आहेत. येत्या रविवारी ती येणार आहे, आईला घेऊन.